एक्केचाळीसावा घाणा

सर बाजारात मडकी चाटायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं की लोकांना वाटतं मी रंगवून सांगतेय. उन्हाळ्याच्या तोंडाला बुलढाण्याच्या बाजारात कुंभारणी मडकी मांडून बसल्या, की सर त्यांच्यापुढं उकिडवे बसायचे. एकेक मडकं उचलायचे, बोटानं वाजवायचे आणि खुशाल त्याच्या बुडाला जीभ लावायचे. माती ओल शोषणारी असेल तर जीभ चिकटते. जितकी चिकटेल तितकी छिद्रं बारीक आणि भरपूर, आणि तितकं पाणी गार. शास्त्र अगदी बरोबर होतं, पण बुलढाण्याच्या मनाची तयारी नव्हती. एकदा एका कुंभारणीनं पाच मडकी बाजूला काढली आणि म्हणाली, मास्तर, तुमी उष्टी केली, आता हे कोन घेईन? सर पाचही मडकी ऑटोत घालून घरी घेऊन आले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यातल्या दोन मडक्यांत कोथिंबीर लावली आणि बाकीच्यांकडे बघून कपाळाला हात लावला.

आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक होते. आडनाव चांगलं खानदानी होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. बाकी सगळे त्यांना छिद्रे सर म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं. कुणीतरी पाकिटावर तेच नाव घालून पत्र पाठवलं, तर पोस्टमननं न विचारता ते त्यांच्याच टेबलावर आणून टाकलं. सर चार दिवस खुशीत होते.

त्यांच्या लेखी जगात दोनच तऱ्हेच्या वस्तू होत्या: छिद्रं असलेल्या आणि वाया गेलेल्या. लग्नाच्या पंगतीत ढोकळ्याचा तुकडा मोडून ते उजेडाकडं धरायचे आणि वाढप्याला विचारायचे, सोडा आधी टाकला का मागून? वाढपी बिचारा वरमाईकडं बघायचा. काकूंना बैठकीला ऑइलपेंट द्यायचा होता. भिंतीची छिद्रं बुजतील म्हणून सरांनी चार वर्षं देऊ दिला नाही. शेवटी सर एका परिषदेला गेले तेव्हा काकूंनी काम उरकून घेतलं. परत आल्यावर सरांनी भिंतीवर पाण्याचा थेंब सोडला, तो सर्रकन घसरत खाली आला, आणि सर दोन दिवस बोलले नाहीत. भिंतीशी की काकूंशी, ते आम्हाला कळलं नाही.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, घाबरू नका. कारखान्यात अत्तरं, औषधं, असलं बरंच काही बनवताना ॲसिड लागतं, बहुतेक वेळा सल्फ्युरिक. ते काम करतं, पण मग मालातच मिसळून बसतं. त्याला चुना घालून मारा, माल धुवा, आणि ते घाण पाणी द्या कुणाच्या तरी नाल्यात सोडून. सरांना ॲसिड पाहिजे होतं घन, पांढऱ्या भुकटीच्या रूपात. भुकटीला नजरेला न दिसणारी छिद्रं, आणि त्या छिद्रांच्या भिंतींना ॲसिड पक्कं बांधलेलं. माल आत जाईल, बदलून बाहेर येईल, भुकटी गाळून घ्या, पुन्हा वापरा. सर म्हणायचे, सोयरीक जुळवनारा मानूस कसा असते, लगन लावून देते अन् दुसऱ्या गावाले जाते, तसं.

यामागं एक गोष्ट होती, जी त्यांनी मला एकदाच सांगितली. तरुणपणी काही महिने ते एका कारखान्यात होते. मागं नाला होता. त्यात कपडे धुणाऱ्या बायांच्या पायांची सालं निघालेली त्यांनी पाहिली, आणि नोकरी सोडून आले. सांगताना त्यांनी एकही विनोद केला नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

बाकी ॲसिडचं आणि त्यांचं वैर कपड्यांवर दिसायचं. शिंतोडा उडालेला तेव्हा कळत नाही, धुतल्यावर तिथं भोक पडतं. सरांच्या एकूण एक शर्टांना अशी भोकं होती. काकू म्हणायच्या, यांनी आयुष्यात छिद्रं पाडण्यात यश मिळवलं ते एवढंच.

मी उंद्रीची, भाजीपाला करणाऱ्या घरातली. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, वावर किती हाये? म्हटलं, सहा एकर. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. चांगल्या भुकटीच्या एका ग्रॅममधली छिद्रं आतून उलगडून पसरली, तर साधारण आठ गुंठे जागा होते. म्हणजे तुह्या बापाच्या साऱ्या वावराले तीस ग्रॅम पुरते, म्हणाले. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, मंग त्याचा सातबारा कोनाच्या नावानं निंगते? दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं, तर ते इतके हसले की चष्मा बीकरमध्ये पडला. पुढं सगळ्या परिषदांत ते भाषणाची सुरुवात बाबांच्या या प्रश्नानं करायचे, आणि बाबांना याचा पत्ता नव्हता.

आपल्या काळ्या दगडाच्या पोटातसुद्धा असले छिद्रांचे पांढरे खडे सापडतात. त्यामुळं कुठं विहीर खोदली जातेय असं कानावर आलं, की सर स्कूटर काढायचे. एकदा दुसरबीडच्या बाजूला गेले. निघालेल्या दगडांच्या ढिगावर बसून एकेक दगड चाटून बघायला लागले. लोकांना वाटलं, पाणाड्या आला. शेजारच्या शेतकऱ्यानं त्यांना हाताला धरून आपल्या वावरात नेलं. सर ओरडून सांगतायत की मी प्राध्यापक आहे, मला पाण्यातलं काही कळत नाही. पण दमल्यामुळं ते एका जागी खाली बसले, आणि त्या माणसानं तिथंच बोअर घेतला. पाणी लागलं. पुढं दोन वर्षं लोक कॉलेजात येऊन विचारायचे, ते पानी दाखवनारे मास्तर कोन्या खोलीत बसतात?

भुकटी बनवायची रीत सांगते. साबणासारखा एक पदार्थ पाण्यात घालायचा, त्याच्याभोवती सिलिकाचा गर जमू द्यायचा, आणि मग सगळं भट्टीत भाजायचं. साबण जळून जातो, त्याची जागा रिकामी राहते, तीच छिद्रं. मग त्यात ॲसिड बसवायचं. आणि मग धुवायचं. भिंतीला न चिकटता नुसतं छिद्रात अडकून बसलेलं मोकळं ॲसिड निघून जाईपर्यंत, दहा वेळा, दर वेळी ताज्या डिस्टिल्ड पाण्यानं. हे एवढं सगळं झालं की एक घाणा. कुरड्यांचा असतो तसा. सर सकाळी आल्या आल्या विचारायचे, कितवा घाना, पोरी? आणि मी उत्तर द्यायचे, तेव्हा शेजारच्या गणिताच्या मॅडमना वाटायचं की आम्ही आत वडे तळतो.

घाणा चांगला की वाईट हे बघायला आम्ही केळ्याच्या वासाचं एसेन्स बनवायचो. व्हिनेगारमधलं ॲसिड आणि एक अल्कोहोल आमच्या भुकटीवर तापवलं की ते तयार होतं. व्हिनेगारचं ॲसिड किती संपलं ते ब्युरेटवर मोजायचं. संपलं जास्त, तर घाणा चांगला. अख्ख्या कॉरिडॉरला केळ्याचा वास यायचा. पहिल्या वर्षाच्या मुली नाकाला ओढणी लावून जायच्या आणि परीक्षेच्या दिवसांत परीक्षक उपाशीपोटी कासावीस व्हायचे.

चाळीस घाण्यांत आमची मजल शंभरात तिसाच्या पुढं गेली नाही. सर चिडायचे. त्यांच्या चिडण्याची एक खूण होती. एरवी ते आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायचे, पण संताप आला की एकदम शुद्ध. 'आपण हे काय केलेत?' असं त्यांच्या तोंडून आलं, की प्रयोगशाळेचे परिचर गजाननभाऊसुद्धा तंबाखू थुंकून सरळ उभे राहायचे.

तर तो उन्हाळा. बुलढाण्यात उन्हाळ्याचा नळ म्हणजे आठ-दहा दिवसांनी यायचा, आणि डिस्टिल्ड पाणी बनवायला साध्या पाण्याची धार सोडून ठेवावी लागते. गजाननभाऊंनी आठवड्याला एक कॅन ठरवून दिला होता आणि त्याला कुलूप लावायचे. मी ज्या घरातली, तिथं तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी वांग्यांना जातं. पाणी मोरीत ओतायला माझा हातच उचलत नाही. चाळिसाव्या घाण्याच्या शेवटच्या धुण्याचं पाणी तर डोळ्यांना अगदी चोख दिसत होतं. मी ते जपून ठेवलं आणि एक्केचाळीसाव्याचं पहिलं धुणं त्यात केलं. मग दुसरं धुणंही त्याच पाण्यात. गाळायचं, तेच पाणी परत वर ओतायचं. तिसरं, चौथं, करत करत दहावं. रजिस्टरात लिहिलं, 'दहा वेळा धुतले.' आता बघा, खोटं काय होतं त्यात? शेवटच्या पाण्यात लिटमसचा कागद बुडवून बघायचा असतो, पण कागद संपले होते, मागणीपत्र ऑफिसात पडून होतं. गजाननभाऊ तर माझ्यावर खूश. म्हणाले, पोरगी संसारी हाये.

एक्केचाळीसाव्या घाण्यानं शंभरात चौऱ्याण्णव दिले. मी तीनदा मोजलं, सरांनी पाचदा. मग सर बाहेर गेले आणि चार डझन केळी घेऊन आले. प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना वाटली. त्या वासाच्या कॉरिडॉरमध्ये कुणाला ती जाईनात, तरी खाल्ली.

मग पाऊस आला, पाण्याची चंगळ झाली, मी पुढचे घाणे ताज्या पाण्यानं दहा-दहा वेळा धुतले, आणि आकडा परत तिसावर आला. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, सगळे तसेच. सरांनी भट्टी उघडून बघितली, व्होल्टेज मोजलं. मला विचारलं, त्या दिवशी काय खाल्लं होतंस? शेवटी शेवटी तर त्यांनी गजाननभाऊंना त्या दिवशी जिथं उभे होते तिथंच, दाराला टेकून, पुन्हा उभं राहायला लावलं. विज्ञानाचा माणूस, पण आशा सुटत नव्हती. ते सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होते. माझ्या नोंदणीची मुदत दिवाळीपर्यंत होती, ती एकदा वाढवून झालेली होती आणि पुन्हा वाढणार नव्हती. प्रबंधाचं मुख्य प्रकरण एकच होतं, एक्केचाळीसाव्या घाण्याचं. ते गेलं की माझी पाच वर्षं गेली. आणि सरांनी त्याच आकड्यावर एका मोठ्या कारखान्याला पत्र धाडलं होतं. कारखान्याचे दोन साहेब बघायला येणार म्हणून ठरलं होतं.

ते यायच्या दोन दिवस आधी मी उंद्रीला होते. आई बाजारासाठी मेथी धुवत होती, सिमेंटच्या टाक्यात, एकाच पाण्यात जुडीमागून जुडी. मी हाताखाली होते. शेवटच्या जुड्या काढताना आई म्हणाली, पानी बदल वं, आता हे पानीच माती लावून राह्यलं. माझ्या हातातली जुडी टाक्यात पडली. मी तिथंच बसले. माझी भुकटी धुतलीच गेली नव्हती. मोकळं ॲसिड छिद्रांत तसंच भरून होतं, आणि काम केलं होतं ते त्यानं. साधं, नाल्यात जाणारं, ओळखीचं सल्फ्युरिक ॲसिड. सरांनी ज्याच्याशी आयुष्यभर वैर केलं तेच.

मी कुणाला सांगितलं नाही. हे मान्य करायला अजून जड जातं, पण नाही सांगितलं. भुकटी पाच ग्रॅम उरली होती. मनात म्हटलं, प्रयोग एकदा साहेबांसमोर होऊन जाऊ दे.

पण सरांना एक खोड होती, गरम गाळणीची. प्रयोग अर्ध्यावर आला की मिश्रण गरम असतानाच गाळून भुकटी काढून टाकायची आणि खाली उतरलेला नुसता द्रव तापवत ठेवायचा. क्रिया थांबली, तर भुकटी खरी. भुकटी काढूनही क्रिया चालूच राहिली, तर समजायचं की ॲसिड भुकटीतून सुटून द्रवात आलंय. एक्केचाळीसाव्याची ही चाचणी भुकटी थोडी म्हणून राहून गेली होती. मी म्हटलं, सर, सँपल कमी आहे, नको. सर म्हणाले, कमी हाये म्हनूनच त्यायच्यासमोर करू, एकाच वक्ती काम होते.

साहेब आले. एक पिकल्या केसांचे, एक तरुण. सरांनी भोक नसलेला एकमेव शर्ट घातला होता. काकूंनी घरी पुरणाचा घाट घातला होता. फ्लास्क तापला, केळ्याचा वास सुटला, साहेब माना डोलवायला लागले. अर्ध्यावर सरांनी माझ्याकडून मिश्रण गाळून घेतलं. भुकटी कागदावर राहिली. गाळलेल्या द्रवातल्या ॲसिडचं माप घेतलं, तो परत तापायला ठेवला आणि तासाभरानं सरांनी स्वतः पुन्हा माप घेतलं. आकडा थांबला नव्हता. क्रिया मस्त चालू होती.

तरुण साहेबांनी पुढं येऊन आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमचा कॅटॅलिस्ट काढून घेतला तरी काम चालूच राहतं? अहो, हे तर आम्हाला आणखी सोयीचं!" पिकल्या केसांच्या साहेबांनी तिथल्या तिथं फोन काढला आणि सरांना नमुना कधी देता म्हणून विचारलं. माझ्या जिवात जीव आला. देवाशपथ सांगते, मनात म्हटलं, सर, आता फक्त हो म्हणा. त्यांना कळलेलं नाही, कुणालाच कळलेलं नाही.

सरांनी ब्युरेट बंद केली. "साहेब, हे माझं ॲसिड नाही. हे सुटलेलं ॲसिड आहे. असं तुमच्याकडं पिंपांनी भरलेलं असेल. मी तुमचा वेळ घेतला." शुद्ध मराठीत. मग वऱ्हाडीत म्हणाले, "जेवून जा, पुरन झालं असन."

साहेब जेवून गेले. जेवताना तरुण साहेबांनी दोनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला की प्रयोग यशस्वी झालाय. सरांनी त्यांच्या पोळीवर तुपाची धार सोडली.

संध्याकाळी प्रयोगशाळेत मी सगळं सांगून टाकलं, पाण्याचं, लिटमसचं आणि उंद्रीहून आल्यापासून गप्प राहिल्याचंही. 'आपण हे काय केलेत' ऐकायची तयारी करून मी मान खाली घालून उभी होते. ते आलं नाही. सर स्टुलावर बसले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं.

"पानी वाचवलं त्यात काही वावगं नाही. आपल्या इकडचं कोनीबी वाचवन. पन दहा वेळा धुतलं असं लिहिलं, कोन्या पान्यानं ते काऊन नाही लिहिलं?"

सरांनी कागदावर उरलेली भुकटी गोळा केली आणि बेसिनपाशी उभं राहून ती स्वतः दहा वेळा धुतली, ताज्या पाण्यानं. गजाननभाऊंनी न मागता कॅनचं कुलूप काढून दिलं. दुसऱ्या दिवशी ती भुकटी तपासली, तर आकडा एकोणतीस.

मग कारखान्याला पत्र लिहायचं होतं. सर सांगत होते, मी टाइप करत होते. 'सदर नमुना धुताना पुरेशा ताज्या पाण्याची व्यवस्था माझ्याकडून झाली नाही, त्यामुळे निष्कर्ष चुकीचा आला.' माझी बोटं थांबली. म्हटलं, सर, चूक माझी आहे. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पत्र माह्या सहीनं जाऊन राह्यलं. टाइप कर." मी केलं. पत्र वाचून सही करून त्यांनी पाकीट बंद केलं आणि म्हणाले, "आता प्रबंध तुह्या नावावर हाये. त्यात तुही चूक तू लिही."

मी लिहिली. एकोणतीस आकडा लिहिला, आणि एक्केचाळीसावा घाणा कसा फसला, त्याची सगळी हकिकत पुराव्यासकट वेगळ्या पानावर घातली. दिवाळीच्या आत प्रबंध गेला. तोवर सर निवृत्त झाले होते. कारखान्याचं उत्तर आलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मोठे नावाजलेले होते. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले, मी जमतील तशी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी ते पान उघडलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, एकोणतीस आकडा खरा आहे, काम ठीक आहे. पण हे पान कशाला घातलं? काढून टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं?

उत्तर इंग्रजीत द्यायचं असतं. मी सगळं इंग्रजीत पाठ करून गेले होते. पण तोंडातून भलतंच आलं. "कोनालेच नाही, सर. पन मंग मी यायच्या घरी जेवाले कोन्या तोंडानं गेली असती?" आणि मी शेवटच्या बाकाकडं हात केला. सगळे वळून बघायला लागले. तिथं भोकं पडलेल्या शर्टात सर बसले होते. ते खिसे चाचपत होते, आधी वरचा, मग पँटचे दोन्ही. रुमाल काही सापडला नाही, तेव्हा त्यांनी सरळ बाहीनं डोळे पुसले.